नांगराला कारण हवे

नोव्हेंबरच्या मध्याला दिल्लीभोवतीच्या सोनीपत, पानिपत, झज्जर, बागपत या पट्ट्यात पेरलेल्या गव्हाला आज एकवीस दिवस झाले. या सुमारास रोपाला मुकुटमुळे फुटतात आणि पहिले पाणीही याच वेळी द्यायचे असते. ही पाळी चुकली की फुटवे कमी पडतात ते पडतातच. पाणी देऊन तीन-चार दिवस झाले की शेतकरी बांधावर येतो तो रंग पाहायला. एक वावर हिरवेगार असते आणि त्याला लागून असलेले पिवळे पडलेले. बियाणे तेच, खताची पोती एकाच दुकानातली, पाणी एकाच कालव्याचे. पिवळेपणाला थंडी, नत्राची कमतरता अशी कारणे असतात, नाही असे नाही. पण पुष्कळदा खरे कारण वीतभर खाली दडलेले असते. दिलेल्या पाण्याला खाली उतरायला वाटच नसते; ते मुळांपाशी साचते आणि मुळे गुदमरतात.

आज ५ डिसेंबर, जागतिक मृदा दिन. ही तारीख थायलंडचे राजे भूमिबोल यांच्या जन्मदिवसाची. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१३ मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब केले आणि २०१४ पासून हा दिवस अधिकृतपणे पाळला जातो. ‘निरोगी शहरांसाठी निरोगी माती’ हे २०२५ चे सूत्र. दिल्लीला ते टोचायला हवे, पण टोचणार नाही. दिल्लीकराच्या लेखी माती म्हणजे गाडीच्या काचेवरची धूळ. शेतीची आठवण या शहराला वर्षातून एकदाच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते आणि तीही धुरामुळे. मग उपग्रहाने टिपलेले जाळाचे ठिपके मोजले जातात, पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते आणि २०२४ मध्ये तर दंड दुप्पट करून पाच एकरांवरच्या शेतकऱ्यासाठी ३० हजार रुपयांवर नेला गेला. डिसेंबर उजाडला, वारा फिरला की विषय संपला. पेंढा जळतो कशासाठी, या प्रश्नाची उत्तरे मात्र दरवर्षी तीच येतात: मजूर महाग, यंत्र महाग, वेळ कमी. ही उत्तरे खोटी नाहीत. त्यांच्या मुळाशी एक समजूत आहे, तिच्याकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. पेरणीआधी रान स्वच्छ हवे, नांगरून-फणून भुसभुशीत झालेले हवे, ही ती समजूत. ती हरियाणातल्या शेतकऱ्याची आहे तशीच सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्याचीही आहे.

आधी वेळेचे गणित. हरियाणाने २००९ मध्ये भूजल वाचवण्यासाठी कायदा केला आणि १५ जूनपूर्वी भातलावणीला बंदी घातली. हेतू चांगला होता आणि गरजेचाही. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे सरकली आणि भात निघून गहू पडेपर्यंतचे दिवस वीस-पंचवीसवर आले. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा उलटला की गव्हाच्या पेरणीला होणाऱ्या दर दिवसाच्या उशिरामागे साधारण एक ते दीड टक्का उत्पादन घटते. तेवढ्या दिवसांत कम्बाइन हार्वेस्टरने मागे सोडलेला पेंढा आवरायचा, रान ओलवायचे, वाफसा आला की दोनदा-तीनदा फणायचे, फळी मारायची आणि मग पेरायचे. यातला नांगरटीचा भाग ठाम धरला की काडेपेटी खिशातून बाहेर येतेच. दिल्लीच्या अगदी जवळच्या जिल्ह्यांत बासमती जास्त. तिची कापणी बरेचदा हाताने होते, पेंढा जनावरांना जातो, म्हणून तिथे जाळ कमी. पुढे कर्नालकडे आणि त्यापलीकडे, जिथे जाड भात आणि कम्बाइन यांची जोडी आहे, तिथे प्रश्न उग्र होतो.

आता त्या वीतभर खालच्या गोष्टीकडे येऊ. भात आणि गहू या दोन पिकांच्या मागण्या एकमेकींच्या नेमक्या उलट आहेत आणि आपण त्या एकाच रानाकडून एकाच वर्षात पुऱ्या करून घेतो. भाताला पाणी उभे राहायला हवे. त्यासाठी चिखलणी करायची. रानात पाणी भरायचे आणि ट्रॅक्टरला केजव्हील लावून ते घुसळायचे. हरियाणात याला ‘कद्दू करना’ म्हणतात. ओल्या मातीवर असा दाब आला आणि ती घुसळली गेली की तिचे रवे फुटतात, बारीक चिकणकण सुटे होतात आणि खाली बसताना मोठी छिद्रे बुजवतात. वरचा थर लोण्यासारखा होतो, त्याच्याखाली चाकांच्या वजनाने दबलेला कडक थर तयार होतो. पाणी मुरायचे थांबते. भातासाठी हवे होते ते मिळाले; तणही दबले, लावणीही सोपी झाली. नंतर ऑक्टोबरमध्ये तेच रान सुकते, भेगाळते, त्याची ढेकळे होतात आणि गव्हासाठी ती फोडायला रोटाव्हेटर आणला जातो. रोटाव्हेटर वरची चार-सहा इंच माती पिठासारखी करतो आणि त्याची पाती जिथे थांबतात तिथे दाबून खालचा थर आणखी पक्का करतो. वरून रान देखणे दिसते. गव्हाची मुळे मात्र त्या थराला अडून आडवी पसरतात. वर्षामागून वर्ष हाच क्रम. मग एकविसाव्या दिवशी पाणी दिले की पीक पिवळे पडते आणि आपण युरियाची एक मूठ जास्त टाकतो.

मातीची रचना ही पुस्तकी गोष्ट वाटत असेल, तर ती पाहायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. काचेचे दोन ग्लास पाण्याने भरा. एका वावरातले सुपारीएवढे कोरडे ढेकूळ घ्या आणि त्याच वावराच्या बांधावरचे, जिथे कधी फाळ लागलेला नाही, तेवढेच दुसरे. दोन्ही चहाच्या गाळणीत ठेवून अलगद पाण्यात सोडा. वावरातले ढेकूळ बुडबुडे सोडते, कडेने ढासळू लागते आणि बघता बघता गाळ होऊन तळाशी बसते. वरचे पाणी गढूळ. बांधावरचे तसेच राहते. पाणी बरेचसे नितळ आणि ढेकळातून गवताची केसासारखी मुळे बाहेर डोकावत असतात. माती तीच, एकाच आजोबांची. फरक इतकाच, की बांधावर मुळांनी, बुरशीच्या धाग्यांनी आणि गांडुळांच्या चिकट विष्ठेने जे बांधले ते कोणी मोडले नाही. माती हे एक घर आहे. वाळू, गाळ, चिकणमाती हे त्याचे सामान. पण राहायला लागतात त्या खोल्या आणि जायला-यायला दारे, म्हणजे रव्यांमधल्या पोकळ्या. नांगर सामान नेत नाही, खोल्या मोडतो. शिवाय उलथलेल्या मातीला एकदम भरपूर हवा मिळते, सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थावर तुटून पडतात आणि रवे बांधून ठेवणारा तो पदार्थच हवेत उडून जातो. नांगरटीनंतरचे पहिले पीक जोमदार येते ते त्यामुळेच. ती मातीची बचत खर्ची पडलेली असते. गंगा-यमुनेच्या या गाळपट्ट्यात सेंद्रिय कर्ब अनेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. तिथे बचत मुळात राहिलीच किती?

मग नांगर हा खलनायक का? असे म्हणणे सोपे आहे आणि चूकही. निदान मराठी माणसाने तरी ते म्हणू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला तेव्हा त्याला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष उतरते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पण दख्खनच्या काळ्या रानात कुंदा आणि हरळी यांनी ठाण मांडले होते, त्यांची मुळे लाकडी नांगराला दाद देत नव्हती. लोखंडी फाळाने ती उपटून काढली. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली ती याच नांगराच्या बळावर. त्या नांगराला कारण होते. कुंदा गेल्यावरही नांगर दरवर्षी चालतच राहिला, बैल जाऊन ट्रॅक्टर आला तेव्हा तो दुप्पट खोल गेला आणि त्याचे कारण विचारायचे राहून गेले.

ते विचारणारी माणसेही आपल्याकडे होऊन गेली आहेत. कोरडवाहू शेतीवरचे पहिले पद्धतशीर काम १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीच्या फार्मवर ताम्हणे यांनी सुरू केले. त्याला पूर्ण योजनेचे रूप कानिटकरांनी दिले. त्यातून इंपीरियल कृषी संशोधन परिषदेच्या पैशावर १९३३ ते १९३५ दरम्यान देशात पाच कोरडवाहू संशोधन केंद्रे निघाली: सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक. आज दिल्लीच्या राजधानी क्षेत्रात मोडणारे रोहतक आणि आपले सोलापूर हे त्या अर्थाने एका पाटीवर शिकलेले. सोलापूर-विजापूरच्या कामातून जी ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ तयार झाली तिच्यात बांधबंदिस्ती होती, पातळ पेरणी होती, वखराच्या पाळ्या होत्या आणि नांगरट तीन वर्षांतून एकदा करावी अशी शिफारस होती. तीन वर्षांतून एकदा! नव्वद वर्षांपूर्वी, बैलांच्या जमान्यात. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांत पडते, पावसाने फुगते. ती आपली आपणच वरखाली होत असते, तिला दरवर्षी पलटी मारायचे काम नाही, हे त्यांनी ओळखले होते. आता मात्र एप्रिलमध्ये नांगरट झाली नाही तर गाव विचारते, यंदा रान तसेच ठेवले का?

रोहतकचे केंद्र निघाले त्याच १९३५ मध्ये अमेरिकेत एक गोष्ट घडली, ती दिल्लीने पाठ करावी अशी आहे. मध्यभागातल्या गवताळ मैदानांवर गव्हाच्या तेजीत बेसुमार नांगर फिरला होता. दुष्काळ पडला तशी सुटी झालेली माती आभाळात उठली. ती दूरवरच्या वॉशिंग्टनपर्यंत पोचली. मृद्संधारणाचे पुरस्कर्ते ह्यू बेनेट तेव्हा संसदेच्या समितीपुढे कायद्यासाठी बाजू मांडत होते आणि त्याच दिवसांत राजधानीवर धुळीचे सावट आले. एप्रिलच्या २७ तारखेला मृद्संधारण कायदा झाला. राजधानीच्या नाकात गेल्याशिवाय माती दिसत नाही हे तिथेही खरे ठरले. फरक हा, की वॉशिंग्टनने धुळीवरून मातीपर्यंत माग काढला. आपली दिल्ली धुरापाशीच थांबते.

असे असले तरी याच पट्ट्यात गेल्या तीस वर्षांत काही फारच चांगले काम झाले आहे आणि ते सुरू झाले एका तणामुळे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणात गव्हातले ‘मंडूसी’ किंवा ‘गुल्ली डंडा’ हे तण आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देईनासे झाले. काही शेतकऱ्यांवर उभा गहू हिरवा कापून जनावरांपुढे टाकायची वेळ आली. हिसारच्या चौधरी चरणसिंह हरियाणा कृषी विद्यापीठातले डॉ. आर. के. मलिक आणि त्यांचे सहकारी यांनी तेव्हा एक वेडगळ वाटणारा उपाय सुचवला: रान नांगरूच नका. भात कापा आणि त्याच ओलीवर थेट गहू पेरा. न नांगरलेल्या मातीत तणाचे बी वर येत नाही आणि पेरणी लवकर झाल्याने गहू तणाच्या पुढे निघतो. पंतनगरने न्यूझीलंडच्या यंत्रावरून बेतलेले, उलट्या टी आकाराच्या फाळाचे पेरणीयंत्र तयार होतेच. जिथे ट्रॅक्टर सहा-आठ वेळा फिरत होता तिथे तो एकदा फिरू लागला. डिझेल वाचले, आठवडा वाचला आणि गव्हाचे उत्पादन घटले नाही. लवकर पेरणीमुळे अनेक ठिकाणी थोडे वाढलेच. शेजाऱ्यांनी आधी खूप थट्टा केली. धसकटांत पेरलेला गहू दिसायला आळशाच्या शेतासारखा दिसतो, हे कबूल करावेच लागेल.

पुढची पायरी म्हणजे हॅपी सीडर. पेंढा उभा-आडवा असेल तर साध्या यंत्राचे फाळ त्यात गुंततात. म्हणून पंजाब कृषी विद्यापीठाने ऑस्ट्रेलियाच्या मदतीने, या शतकाच्या सुरुवातीला, असे यंत्र काढले की ते फाळापुढचा पेंढा कापत बाजूला सारते, बी मातीत सोडते आणि पेंढ्याचे पांघरूण जागेवरच ठेवते. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासात या पद्धतीचा नफा पेंढा जाळण्याच्या पद्धतींपेक्षा सरासरी १० ते २० टक्के जास्त दिसला. पेंढ्याखाली ओल टिकते, मार्चच्या उन्हात जमीन तापत नाही. २०२२ चा मार्च आठवावा. देशाने १२२ वर्षांत एवढा तप्त मार्च पाहिला नव्हता. दाणा भरायच्या वेळी गहू करपला आणि मे महिन्यात सरकारला निर्यात बंद करावी लागली. असे मार्च पुन्हा येणार आहेत.

इथवर वाचून कोणाला वाटेल, नांगर टाकला की भागले. तसे नाही. ‘नेचर’मध्ये २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात जगभरच्या ६१० अभ्यासांतले आकडे एकत्र केले गेले. निष्कर्ष असा निघाला की नांगरट बंद केल्याने उत्पादन एकूण सरासरी ५.७ टक्के घटते. मात्र पालापाचोळा रानातच ठेवला आणि पिकांची फेरपालट केली, तर तूट बरीच भरून येते आणि कोरड्या हवामानात उत्पादन वाढूही शकते. म्हणजे या पद्धतीला तीन पाय आहेत आणि एकाच पायावर ती उभी राहत नाही. नांगरायचे नाही, पेंढाही काढून न्यायचा आणि भात-गहू, भात-गहू हाच फेरा चालवायचा, तर त्यापेक्षा नांगरलेले बरे. शिवाय अडचणी खऱ्या आहेत. पेंढ्यात उंदीर होतात, गव्हावर गुलाबी खोडकिडा येतो. यंत्र ओढायला दमदार ट्रॅक्टर लागतो आणि ते वर्षातले पंचवीस दिवसच कामाला येते. कम्बाइनने पेंढा सारखा पसरला नसेल तर कुठे बी उगवते, कुठे ढिगाखाली कुजते. पहिली दोन-तीन वर्षे माती सावरत असते. त्या काळात घटलेल्या पोत्यांची भरपाई कोण देणार, हे एकाही योजनेत लिहिलेले नाही.

सरकारने काय केले? पैसे दिले, हे मान्य करायला हवे. २०१८ पासून पेंढा व्यवस्थापनाच्या यंत्रांना वैयक्तिक शेतकऱ्यासाठी ५० टक्के आणि संस्था-केंद्रांसाठी ८० टक्के अनुदान आहे. पण यंत्रांच्या यादीत पेंढा न हलवता पेरणारा हॅपी सीडर आणि तो रोटरने मातीत कालवून पेरणारा सुपर सीडर शेजारी शेजारी बसले. शेतकऱ्याने साहजिकच दुसरा पसंत केला, कारण त्याने रान ‘साफ’ दिसते. जाळ थांबला हे खरे, पण रोटर सुरूच राहिला. दिल्लीतल्या पूसा कृषी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेले पेंढा कुजवणारे बुरशीचे मिश्रण दिल्ली सरकारने २०२० पासून वाजतगाजत फवारले; तेही मातीत मिसळायला रोटाव्हेटर लागतोच. मुळात दिल्लीत भाताचे क्षेत्र केवढे? तिसरा मार्ग गठ्ठे बांधून पेंढा न्यायचा. पानिपतला इंडियन ऑइलचा पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, वर्षाला दोन लाख टन पेंढा लागेल असा. वीजकेंद्रेही पेंढ्याच्या गोळ्या जाळू लागली आहेत. हवेच्या हिशेबात हे चांगलेच. मातीच्या हिशेबात मात्र एक टन पेंढ्याबरोबर सुमारे साडेपाच किलो नत्र, अडीच किलोच्या आत स्फुरद आणि तब्बल २५ किलो पालाश रानाबाहेर जाते. सेंद्रिय कर्ब जातो तो वेगळाच. आपण पालाश परदेशातून आणतो आणि ते पेंढ्यातून रानाबाहेर पाठवतो. धूर थांबला की सगळे समाधानी, कारण उपग्रहाला जाळ दिसतो, पण रिकामी होत जाणारी माती दिसत नाही.

हे वाचताना दिल्लीवाल्यांना हसायचा मोह मराठी वाचकाने आवरावा. उसाचे पाचट हेक्टरी आठ-दहा टन निघते आणि तोड संपली की काडी लावायची रीत पश्चिम महाराष्ट्रात आजही मोडलेली नाही. आपल्याकडे त्याचा धूर मुंबई-पुण्याच्या नाकात जात नाही, एवढेच. त्यामुळे त्यावर अग्रलेखही येत नाहीत. पर्याय मात्र आपल्याकडे घरचे आहेत. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी ऊस आणि इतर पिके बिननांगरटीची घेतली. मागच्या पिकाची खोडे-मुळे जागेवरच कुजू द्यायची, खत म्हणून तीच खरी, असा त्यांचा आग्रह. त्यावर त्यांनी मराठीत सातत्याने लिहिले. कर्जत तालुक्यात नेरळजवळ सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा राईस तंत्र’ काढले. गादीवाफे एकदा करायचे, ते पुन्हा मोडायचे नाहीत. चिखलणी नाही, राब नाही, लावणी नाही. साच्याने भोके पाडून भाताचे बी टोकायचे आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची. कोकणातल्या चिखलणीत कंबर मोडलेल्या बायकांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. एक गोष्ट या दोन्ही ठिकाणी झाकून ठेवता येणार नाही आणि दोघांनी ती झाकलेलीही नाही: नांगराचे तणाचे काम इथे बऱ्याच अंशी तणनाशक करते. ग्लायफोसेटवर केंद्राने २०२२ मध्ये निर्बंध आणले. आच्छादनाने तण कमी होते, हातानेही काढता येते, पण मजुरीचा दर पाहता हा वाद लवकर मिटणारा नाही. विषमुक्त शेती आणि नांगरटमुक्त शेती या दोन्ही एकाच वेळी, एकाच भाषणात मागणाऱ्यांनी निदान एक पावसाळा खुरपे हातात धरावे.

राजधानी क्षेत्राचे आणखी एक दुखणे आहे, ते मातीइतकेच खोल. कुंडली, सोहना, जेवरच्या आसपासची कितीतरी राने मालक कसत नाही. एका वर्षाच्या बोलीवर ती दुसऱ्याला दिलेली असतात आणि मालक कॉलनीची, महामार्गाची वाट पाहत असतो. मातीची घडी बसायला पाच वर्षे लागतात. ज्याच्या हातात रान पुढच्या हंगामात असेलच असे नाही, त्याने ती पाच वर्षे कोणासाठी गुंतवायची? तो दोनदा रोटर मारील, जास्तीचा युरिया टाकील आणि यंदाचे पोते काढून मोकळा होईल. त्याला दोष देता येत नाही. मृदा दिनाच्या व्यासपीठावर मात्र भूधारणेचा हा प्रश्न कोणी काढीत नाही. बहुधा ते शेतकी खात्याचे काम नसते.

शेतकी खात्याच्या हातात जे आहे त्याबद्दल बोलू. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानात सुरतगढला मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. त्या वर्षी जग आंतरराष्ट्रीय मृदा वर्ष पाळत होते. या दहा वर्षांत कोट्यवधी पत्रिका वाटल्या गेल्या. पत्रिकेवर १२ गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, आणि सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. सगळी रसायने. माती घट्ट बसली आहे की मोकळी, तिच्यात पाणी मुरते की नाही, ढेकूळ पाण्यात टिकते की विरघळते, याला एकही रकाना नाही. म्हणजे घराच्या विटा, चुना, वाळू तोलली आणि घर उभे आहे का ते पाहिलेच नाही. अशा पत्रिकेवरून शिफारस खताचीच निघणार, दुसरी काय? आणि ज्याचा आकडा नाही त्याला अनुदान नाही, त्याचा दंड नाही, त्यावर संसदेत प्रश्न नाही. दिल्लीच्या हवेचा आकडा रोज सकाळी टीव्हीवर येतो, म्हणून तिच्यासाठी २०२१ मध्ये कायद्याने आयोग झाला.

तेरावा रकाना टाकायला मोठे यंत्र लागत नाही. सहा इंच व्यासाचे एक लोखंडी कडे जमिनीत ठोकायचे, त्यात अर्धा लिटर पाणी ओतायचे आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहून लिहायचे. शेजारच्या बांधावर तेच एकदा करायचे. दोन आकड्यांतली तफावत शेतकऱ्याला कुठल्याही भाषणापेक्षा लवकर कळेल, कारण बांधही त्याचाच आणि वावरही त्याचेच. या तफावतीत दरसाल घट दाखवणाऱ्याला अनुदान द्या. ते कोणत्या यंत्राने करायचे, की यंत्राविनाच, हे त्याचे तो ठरवील. ज्याला खरोखर नांगरायची गरज आहे, कुठे हरळी माजली आहे, कुठे कडक थर एकदा खोल फोडायचाच आहे, तोही मग मोकळेपणाने नांगरील आणि पुन्हा तीन वर्षे फाळ घरात ठेवील. कानिटकरांच्या काळात हे साधत होते.

मातीचे नमुने पीक निघाल्यावर, पुढची मशागत सुरू होण्याआधी घेतात. या पट्ट्यात गहू एप्रिलमध्ये निघेल; महाराष्ट्रात नमुन्यांचा हंगाम त्याच सुमारास, उन्हाळी नांगरटीच्या तोंडावर असतो. शेतकी खात्याची माणसे तेव्हा खुरपे आणि पिशवी घेऊन बांधावर जाणारच आहेत. सोबत एक कडे आणि पाण्याची बाटली नेण्याचा आदेश काढायला चार महिने हाताशी आहेत.